आजचे चिंतन : झाकण उघडण्याची घाई

आजचे शुभवर्तमान : मार्क ४:२६-२९



आजचा दाखला अगदी लहान आहे, अवघ्या चार ओव्यांचा. चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मार्कनेच तो आपल्याला दिला आहे. एक माणूस जमिनीत बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं, पण कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी पातं, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झालं की तो लगेच विळा घालतो, कारण कापणीची वेळ आलेली असते.

यातल्या ‘आपोआप’ या शब्दापाशी मी गेली काही वर्षं अडकले आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘अव्तोमाते’. आपण रोज ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, त्याचं मूळ याच शब्दात आहे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा इथे, आणि दुसऱ्यांदा प्रेषितांची कृत्ये १२:१० मध्ये. तिथे पेत्र देवदूताच्या मागून तुरुंगाबाहेर पडत असतो आणि शहराकडे जाणारा लोखंडी दरवाजा त्याच्यासमोर आपोआप उघडतो. म्हणजे जमिनीतलं बी आणि तुरुंगाचा दरवाजा या दोन्ही ठिकाणी माणसाचा हात लागत नाही. काम करणारा देव असतो.

हे मला पाठ होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मी हे अनेकदा शिकवलं आहे. पण माझ्या स्वतःच्या घरात मी या दाखल्याच्या अगदी उलट वागत होते, आणि ते मला कळलं ते वसईपासून फार दूर, द्राक्षारसाच्या एका तळघरात. आज तेच तुम्हांला सांगणार आहे.

आधी एक खुलासा. द्राक्षारसाचा विषय निघाला म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. दारूने आपल्या गावातली किती घरं मोडली हे मी पाहिलं आहे. त्या तळघरात मीही एकच घोट घेतला, तोही पाहुणचाराचा मान म्हणून. मी पिण्याविषयी बोलत नाही, एका माणसाच्या कामाविषयी बोलते आहे. आणि द्राक्षवेल, रांजण, बुधले, गाळ या गोष्टी तर पवित्र शास्त्रात पानोपानी आहेत.

माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून दुबईला एका हॉटेलात नोकरी करतो. वाईनचं शिक्षणही त्याने तिथेच घेतलं. त्याचे वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अंत्यविधीनंतर काही महिन्यांत त्याने मिस्साला यायचं बंद केलं. मी रागावले, रडले, शेजारच्या बायकांना सांगितलं, फादरांना घरी बोलावून त्याची समजूत घालायला लावली. तो परदेशी गेल्यावर मी नवा मार्ग शोधला. रोज सकाळी मोबाइलवर एक वचन, दुपारी एखाद्या संताचं चित्र, रात्री ‘प्रार्थना केलीस का?’ बॅगेत गुपचूप जपमाळ ठेवायची ती वेगळीच. ‘पाहिलं’ची निळी खूण यायची, उत्तर यायचं नाही.

एका वर्षी त्याने मला तिकडे बोलावलं आणि सुट्टी काढून एप्रिलमध्ये चार दिवस जॉर्जियाला नेलं. त्याला तिथला द्राक्षारस पाहायचा होता आणि मला तिथली देवळं. आमचं दोघांचंही काम एकाच गाडीत होणार होतं.

जॉर्जिया हा कॉकेशस पर्वताच्या कुशीतला छोटा देश. तिथे चौथ्या शतकात संत नीनो या स्त्रीने ख्रिस्ताची ओळख पोहोचवली. परंपरा सांगते की तिने द्राक्षवेलीच्या काटक्या घेतल्या आणि स्वतःच्या केसांनी बांधून क्रूस केला. त्या क्रूसाचे दोन्ही हात खाली झुकलेले असतात, वेलीची काटकी जशी वाकेल तसे. आजही तिथल्या चर्चमध्ये तो आकार दिसतो. काखेती भागात बोद्बे नावाचा मठ आहे, तिथे संत नीनोची कबर आहे. मी डोक्याला ओढणी गुंडाळून आत गेले. मुलगा बाहेर सुरूच्या उंच झाडांपाशी माझी पर्स धरून उभा राहिला. “तू जा आई, मी थांबतो,” म्हणाला. आत मी त्याच्यासाठीच प्रार्थना केली, आणि खरं सांगते, त्या प्रार्थनेत विनवणीपेक्षा तक्रार जास्त होती.

दुपारी आम्ही एका कुटुंबाच्या घरी गेलो. घराला लागून एक दगडी खोली, तिला ते ‘मारानी’ म्हणतात. आत पाहिलं तर पिंप नाही, टाकी नाही. फक्त जमिनीत गोल तोंडं दिसत होती. ते होते रांजण, गळ्यापर्यंत मातीत पुरलेले. त्यांना ‘क्वेव्री’ म्हणतात. अंड्यासारखा आकार, तळाला निमुळते. काही रांजणांत हजारो लिटर रस मावतो. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण मला लगेच आठवले.

ही पद्धत किती जुनी असावी? जॉर्जियात सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांवर द्राक्षारसाचे अंश मिळाले आणि ते सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१७ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केलं. अब्राहामाच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट! २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्रीची ही रीत मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. जवळच अलावेर्दीचा प्राचीन मठ आहे. तिथले संन्यासीही प्रार्थनेसोबत याच रीतीने द्राक्षारस करतात.

मुलगा मला समजावून सांगू लागला. किती दिवसांनी तो माझ्याशी इतकं बोलत होता! म्हणाला, “आई, नेहमीची व्हाइट वाईन करताना हिरवी द्राक्षं दाबून रस लगेच सालींपासून वेगळा काढतात. थंड टाकीत ठेवतात, विकत आणलेलं यीस्ट घालतात, तापमान मशीनने सांभाळतात, सल्फाइट घालतात, शेवटी गाळून स्वच्छ करतात. त्यात वाईट काही नाही, जगातली बहुतेक वाईन अशीच होते. चव दर वर्षी सारखी येते, बाटली टिकते. पण इथे बघ.”

इथे रकात्सितेली नावाची हिरवी द्राक्षं तुडवतात आणि रस, साली, बिया, कधी देठसुद्धा, सगळं एकत्र रांजणात ओततात. यीस्ट बाहेरून आणत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर आणि त्या खोलीच्या हवेत जे असतं, तेच कामाला लागतं. काही दिवसांनी रस आपोआप उकळल्यासारखा फसफसू लागतो. आंबणं पूर्ण झालं की रांजणावर झाकण ठेवून ते चिखलमातीने बंद करतात. पाच-सहा महिने आत काय चाललंय ते कुणी पाहत नाही. वसंत ऋतूत झाकण उघडतात. तेव्हा आत जो रस असतो तो पांढरा नसतो, मधासारख्या सोनेरी रंगाचा असतो आणि चहासारखा किंचित तुरट लागतो. कारण इतके महिने तो आपल्या सालींसोबत राहिलेला असतो.

तिथले आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांची नात इंग्रजीत सांगायची आणि मुलगा मला मराठीत. मी विचारलं, “तुम्ही यात घालता काय?”

“काही नाही.”

“मग करता काय?”

आजोबा हसले. कोपऱ्यातून एक लांब दांडा आणला. त्याच्या टोकाला चेरीच्या झाडाच्या सालींचा जाड पुंजका बांधलेला होता. तो रांजण धुण्याचा ब्रश. म्हणाले, “धुतो.” रिकामा रांजण पुन्हा पुन्हा धुवायचा. धुतलेलं पाणी अगदी निर्मळ वर येईपर्यंत. मोठा रांजण असेल तर माणूस आत उतरून घासतो. बाहेरचं काहीच घालायचं नसेल तर आत वाईट काहीही राहता कामा नये. द्राक्षंही हातानेच निवडायची. सडका घड आत गेला तर तो सुधारायला त्यांच्याकडे औषध नसतं.

मी मनात म्हटलं, यांना आळशी कोण म्हणेल! आपल्या वसईची सुकेळी आठवा. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवायची. साखरेचा कण घालत नाहीत, गोडी केळ्यातूनच येते. पण ज्यांच्या घरी सुकेळी होतात त्यांना विचारा, रोज किती वेळा हात लावावा लागतो ते.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना मला स्वतःलाच कळलं की मी द्राक्षारसाविषयी विचारत नाहीये. “सहा महिने झाकून ठेवायचं म्हणजे काळजी वाटत नाही? मध्येच उघडून बघावंसं वाटत नाही?”

आजोबांनी जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. रस जेव्हा फसफसत असतो तेव्हा साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा, रात्रीसुद्धा उठून, दांड्याने तो थर खाली दाबावा लागतो. नाहीतर वरचा थर वाळून बिघडतो. त्या दिवसांत रांजण उघडाच असतो. आतून निघणारा वायू रसाचं रक्षण करतो, बाहेरची हवा आत येऊ देत नाही. पण एकदा आंबणं संपलं, साली खाली बसल्या, की तो वायू थांबतो. मग रांजण काठोकाठ भरायचा आणि बंद करायचा. त्यानंतर दर वेळी झाकण उघडलंत की हवा आत जाते. “बिघाड त्या हवेतून येतो,” आजोबा म्हणाले. “तुम्ही बघायला म्हणून उघडता, आणि उघडल्यामुळेच तो आंबट होतो.”

बंधुभगिनींनो, मी तिथे उभी होते आणि माझ्या पायांखाली ते झाकलेले रांजण होते. ढवळण्याचा एक काळ असतो आणि झाकण्याचा एक काळ असतो. मुलगा लहान होता तेव्हा मी त्याला हाताला धरून मिस्साला नेलं, प्रार्थना शिकवल्या, पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेतली. रोज, दिवसातून तीन-चार वेळा. ते माझं काम होतं आणि ते मी केलं. पण तो मोठा झाला तरी माझा दांडा हातातच होता. रोज सकाळी मी त्याचं झाकण उघडत होते. ‘विश्वास वाढला का? प्रार्थना केलीस का? मिस्साला गेलास का?’ त्याला ते प्रेम वाटत नव्हतं, तपासणी वाटत होती.

आता दाखल्यातला शेतकरी पुन्हा पाहा. तो झोपतो आणि उठतो. प्रभूने मुद्दाम त्याची झोपही सांगितली आहे! बी पेरून जो रात्री शांत झोपू शकतो, त्याचा जमिनीवर विश्वास असतो. ज्याला झोप येत नाही तो माती उकरून बघतो, आणि उकरलेलं रोप जगत नाही.

पण इथेच एक धोकाही आहे आणि तो सांगितला नाही तर आजचं चिंतन अर्धवट राहील. ‘देव बघून घेईल’ म्हणून हात झटकणारे आईबाप मी पाहिले आहेत. वाईनच्या जगातही अशी माणसं आहेत, असं मुलगा म्हणाला. ‘नैसर्गिक’ म्हणून नीट स्वच्छता न ठेवता वाईन करतात आणि तिला व्हिनेगरचा वास येतो. एक दोष तर असा आहे की ग्लास नाकाशी नेला तरी वास येत नाही. घोट गिळल्यावर मागाहून तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखा दर्प पसरतो. फ्रान्सच्या बोजोले भागातले ज्यूल शोवे (१९०७-१९८९) यांना या नैसर्गिक पद्धतीचे आधुनिक जनक मानतात. ते स्वतः रसायनशास्त्र जाणणारे होते, यीस्टचा बारकाईने अभ्यास करणारे. ज्याला काही मिसळायचं नाही त्याला दुसऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. पांढऱ्या द्राक्षारसाच्या बाबतीत तर विशेषच, कारण सालींशिवाय केलेल्या रसाला हवेपासून वाचवणारं स्वतःचं बळ कमी असतं. म्हणूनच युरोपच्या नियमांत साध्या कोरड्या रेड वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, तर व्हाइटला २०० पर्यंत. फ्रान्समध्ये २०२० मध्ये नैसर्गिक वाईनची जी सनद मान्य झाली, तिच्यात ही मर्यादा ३० च्या आत आहे. इतक्या कमी आधारावर उभं राहायचं तर आधीची मेहनत केवढी हवी!

आपल्या ख्रिस्तसभेचा नियमही लक्षात घ्या. मिस्सासाठीचा द्राक्षारस द्राक्षांपासूनचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असं ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम ९२४ सांगतं. ‘नैसर्गिक’ आणि ‘न बिघडलेला’ असे दोन्ही शब्द तिथे एकत्र आहेत. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू जी प्रार्थना करतात तिच्यातही वेलीच्या फळाबरोबर माणसाच्या हातांच्या श्रमाचा उल्लेख असतो. देवाचं दान आणि आपले कष्ट एकाच प्याल्यात येतात. दाखल्यातल्या शेतकऱ्यानेही बी पेरलं होतं आणि वेळ आल्यावर विळा घेऊन तो हजर होता. मधलं काम तेवढं त्याचं नव्हतं. संत पौलही करिंथकरांना तेच सांगतो. पेरणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ मात्र देवाकडून (१ करिंथ ३:६).

मग आईने नेमकं काय करायचं? इथे संत मोनिका मला मदतीला आली. तिचा मुलगा ऑगस्टिन भलत्याच पंथाच्या नादी लागला होता. ती एका बिशपांकडे गेली आणि विनवू लागली, तुम्ही त्याच्याशी बोला, त्याच्या चुका दाखवा. ते बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले होते. त्यांनी बोलायला नकार दिला. म्हणाले, तो अजून ऐकण्याच्या स्थितीत नाही, नव्या मतांचा त्याला अभिमान आहे. त्याला असू दे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती ऐकेना, रडतच राहिली. शेवटी ते वैतागून म्हणाले की जा, इतक्या अश्रूंचा मुलगा हरवणं शक्य नाही. हे स्वतः ऑगस्टिननेच ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात लिहिलं आहे. पुढे आणखी जवळपास नऊ वर्षं तो त्याच अंधारात होता. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये संत अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला, आणि त्याच वर्षी मोनिका देवाघरी गेली. झाकण उघडलेलं तिने पाहिलं, पण थोडेच महिने.

याच मोनिकाची आणखी एक गोष्ट त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात आहे. ती लहान मुलगी असताना घरचे तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ती सुरुवातीला ओठाला लावण्यापुरता घ्यायची, मग हळूहळू प्याले भरून प्यायची सवय लागली. घरच्या एका दासीशी भांडण झालं तेव्हा ती दासी तिला ‘दारुडी’ म्हणाली. तो शब्द मोनिकाच्या वर्मी लागला आणि तिने त्याच क्षणी ती सवय सोडली. म्हणजे कधी एक शब्दही लागतो. पण तो एकच शब्द होता. रोज सकाळ, दुपार, रात्र नव्हता.

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगते. शेवट म्हणणं बरोबर नाही, जिथवर आलेय तिथवरचं सांगते.

मारानीतून निघताना मी आजोबांना विचारलं होतं, “एवढं करूनही बिघडला तर?” ते म्हणाले, “कधी कधी बिघडतो.” बस्स. काही गोड बोलून त्यांनी माझं समाधान केलं नाही. आणि मग रांजणाचा निमुळता तळ हाताने दाखवत म्हणाले की कडू बिया सगळ्यात खाली, टोकाला जाऊन बसतात, त्यांच्यावर गाळाचा थर येतो, आणि मग त्यांचा कडवटपणा रसात फारसा उतरत नाही. बिया काढून टाकाव्या लागत नाहीत. वेळ दिला की त्या आपली जागा घेतात.

परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. बाहेर नुकतीच फुटू लागलेली वेलींची पालवी. मग तो खिडकीकडे बघतच म्हणाला, “आई, पप्पा गेले तेव्हा सगळे म्हणाले, देवाची इच्छा. तूही म्हणालीस. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. तू माझ्याशी पप्पांविषयी कधी बोललीच नाहीस. फक्त वचनं पाठवलीस.”

मला उत्तर सुचलं नाही, आणि देवाची कृपा म्हणून मी त्या क्षणी कुठलंही वचन म्हटलं नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. अंत्यविधीच्या दिवशी तो रडू लागला तेव्हा मीच त्याला म्हणाले होते, “रडू नकोस, पप्पा प्रभूजवळ आहेत.” विश्वास शुद्ध राहावा म्हणून मी त्याचं दुःख, त्याचा राग, त्याचे प्रश्न दाबून बाजूला काढले होते, जसा रस सालींपासून वेगळा काढतात तसा. लाजर मेला तेव्हा प्रभू येशूला ठाऊक होतं की थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत. तरीसुद्धा तो रडला (योहान ११:३५). माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला मी तेवढीही मुभा दिली नव्हती.

मी त्याला एवढंच म्हणाले, “चुकलं माझं, बाळा.” मग त्याच्या वडिलांनी त्याला सायकल शिकवताना स्वतःच कसं गटारात उडी घेतली होती ती गोष्ट मी काढली. तो हसला, मग त्याचा आवाज भरून आला. त्या रात्री तिबिलिसीच्या हॉटेलात आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो.

घरी आल्यापासून मी रोजची वचनं पाठवणं बंद केलं आहे. सोपं गेलं नाही, पहिल्या आठवड्यात हात सारखा मोबाइलकडे जायचा. आता रविवारी मिस्साहून आले की मी फोन करते. तो जेवला का विचारते, त्याच्या कामाचं ऐकते. पप्पांचा विषय कधी तो काढतो, कधी मी. तो मिस्साला जातो का, हे मला माहीत नाही. मी विचारत नाही. उद्या त्याने विचारलं, “आई, तू कशाच्या जोरावर उभी राहिलीस?” तर सांगायला मी तयार आहे. तो माझ्या विळ्याचा दिवस असेल, आणि त्या दिवशी मला झोप लागलेली असू नये एवढं मी मागते.

तोवर माझं काम आहे ते माझा स्वतःचा रांजण धुण्याचं. मुलाच्या विश्वासाची काळजी करता करता माझ्या मनात किती जुना गाळ चिकटला होता! लोक काय म्हणतील ही भीती. धर्मशिक्षण देणाऱ्या बाईचा मुलगा मिस्साला येत नाही याची लाज. माझ्या प्रार्थनेतला बराच भाग त्या लाजेचा होता हे मला बोद्बेच्या कबरीपाशी कळायला हवं होतं. ते एका रांजणापाशी कळलं.

तुमच्यापैकी कितीजण असं एखादं माणूस मनात धरून हे वाचत असतील! मुलगा, मुलगी, नवरा, भाऊ. तुम्ही पेरलेलं बी वाया गेलं असं आज तरी म्हणू नका. ज्याला बाप्तिस्म्यात देवाने आपलं म्हटलं, त्याच्या आत देव काम करतो आहे, आपल्याला ऐकू येत नसलं तरीही.

आजची कृती : ज्या माणसाला तुम्ही सतत उपदेश करता, त्याला आज फक्त एक प्रश्न विचारा, “कसा आहेस?” आणि तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तूच खरा द्राक्षवेल आहेस आणि आमची मुलंबाळं तुझेच फाटे आहेत. ती आमची निर्मिती नाहीत हे आम्ही विसरतो. पेरण्याच्या वेळी आम्हांला कष्टाळू कर, वाट पाहण्याच्या वेळी शांत झोप दे आणि कापणीच्या वेळी जागं ठेव. आमच्या घाईने ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागण्याचं धैर्य दे. जे आज तुझ्या मंदिरापासून दूर उभे आहेत, त्यांच्याजवळ तूच जाऊन उभा राहा. आमेन.